मुलांचे दात किडण्याआधीच वाचवायचे म्हणून या डेंटिस्टने घराशेजारच्या गॅरेजमध्ये शाळा काढली

तारीख होती 17 नोव्हेंबर 1913. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरात एका डेंटिस्टच्या जागेतल्या गॅरेजमध्ये एक वर्ग भरला. एकेकाळी घोडागाडी ठेवायची ती जागा. वर्गात सगळ्या बायका. कुणी शाळेत शिकवणारी, कुणी नर्स, कुणी डेंटिस्टकडे मदतनीस म्हणून काम करणारी, तर कुणी डेंटिस्टची बायको. त्यांना शिकायचं होतं दुसऱ्यांचे दात साफ करणं.

आज हे वाचताना त्यात विशेष काही वाटत नाही. पण तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे दात उपटायला नाहीतर भरायला जाणं. दुखत नसताना तिथे कोण जाईल? आणि डॉक्टर सोडून दुसरं कुणी, तेही एक बाई, तोंडात हत्यार घालणार ही कल्पनाच अनेकांना पटत नव्हती.

ही शाळा काढणाऱ्या माणसाचं नाव अल्फ्रेड सिव्हिलियन फोन्स. जगभरात डेंटल हायजिनिस्ट नावाचा जो पेशा आहे, त्याचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पण त्यांचा खरा डोळा होता पहिली-दुसरीत शिकणाऱ्या पोरांच्या दातांवर.

तर हे सगळं सुरू कुठून झालं ते बघू.

फोन्स यांचा जन्म 1869 चा, ब्रिजपोर्टचाच. वडील सिव्हिलियन फोन्स हेसुद्धा डेंटिस्ट, आणि शहराचे महापौरही राहिलेले. म्हणजे घरात पेशाही होता आणि वजनही. मुलाने वडिलांचीच वाट धरली. न्यूयॉर्क कॉलेज ऑफ डेंटिस्ट्रीमधून 1890 साली ते डेंटिस्ट झाले आणि परत येऊन वडिलांसोबत प्रॅक्टिस करू लागले.

योगायोग असा की त्याच 1890 मध्ये दातांच्या जगात एक मोठं पुस्तक आलं. विलोबी मिलर नावाचे एक अमेरिकन डेंटिस्ट जर्मनीत बर्लिनला राहून संशोधन करत होते. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ अन्नाचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं, असं त्यांनी दाखवून दिलं.

आपल्याकडे आजही दाताला कीड लागली असंच म्हणतात. जगात अनेक ठिकाणी हजारो वर्षं लोकांना खरोखर वाटायचं की दातात किडा असतो आणि तो दात पोखरतो. रस्त्यावर बसून दातातून किडे काढून दाखवणारे वैदू याच समजुतीवर पोट भरायचे. मुळात किडा वगैरे काही नसतो. दाताच्या सगळ्यात वरच्या थराला इनॅमल म्हणतात. शरीरातला तो सगळ्यात कडक पदार्थ. पण गोड खाल्लं की दातावर चिकटलेले जंतू आम्ल तयार करतात आणि इनॅमलमधली खनिजं निघून जायला लागतात. नंतर लाळ आपलं काम करते, आम्ल कमी होतं आणि गेलेली खनिजं थोडीफार परत बसतात. दिवसभर हा आवक-जावकीचा हिशोब चालूच असतो. दर तासाला बिस्कीट किंवा गोळी तोंडात जात असेल, तर जावक वाढते आणि शेवटी खड्डा पडतो.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे इनॅमलला नस नसते. त्यामुळे सुरुवातीला काहीच दुखत नाही. खड्डा आतल्या थरापर्यंत गेला की मग ठणका लागतो. म्हणजे पोरगं रडत आईकडे येतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. दुखल्यावर डॉक्टरकडे जायचं ही सवय मुलांच्या दातांच्या बाबतीत इथेच मार खाते.

फोन्स यांनीही पहिली आठ-नऊ वर्षं तेच केलं. खड्डे भरले, दात काढले. एक खड्डा भरावा तर पुढच्या वेळी दुसरा तयार.

मग 1890 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी फिलाडेल्फियाच्या डॉ. डी. डी. स्मिथ यांचं भाषण ऐकलं. स्मिथ यांचं म्हणणं साधं होतं. पेशंटला ठराविक दिवसांनी बोलवायचं, दाताच्या प्रत्येक बाजूवरची घाण हाताने घासून काढायची आणि घरी दात कसे घासायचे ते शिकवायचं. बारीक लाकडी टोक बसवलेलं हत्यार आणि प्युमिस दगडाची पूड एवढंच साहित्य. फोन्स स्वतः फिलाडेल्फियाला गेले, स्मिथ यांच्या पेशंटांची तोंडं त्यांनी पाहिली आणि परत येऊन तीच पद्धत आपल्या दवाखान्यात सुरू केली.

पद्धत चालली. पण एका पेशंटचे दात असे साफ करायला भरपूर वेळ लागायचा, आणि तो पेशंट काही आठवड्यांनी परत येणार. डेंटिस्टने दिवसभर हेच केलं तर बाकीचे पेशंट कोण बघणार? बरं, त्या वेळेचे पैसे डेंटिस्टच्या दराने लावले तर हा उपचार फक्त श्रीमंतांनाच परवडणार.

इथे फोन्स यांना एक गोष्ट लक्षात आली. या कामाला डेंटिस्ट लागतच नाही. लागतात सफाईदार हात, चिकाटी आणि नीट दिलेलं शिक्षण.

त्यांच्या दवाखान्यात आयरीन न्यूमन नावाची त्यांची चुलत बहीणच मदतनीस होती. फोन्स यांनी 1906 मध्ये तिला दात साफ करायला शिकवलं. काही दिवसांनी ती पेशंटांच्या तोंडात स्वतः काम करू लागली.

ही कल्पना पूर्णपणे फोन्स यांची होती असं मात्र नाही. सिनसिनाटीच्या डॉ. सायरस राइट यांनी 1902 मध्येच बायकांना असं शिक्षण द्यावं असं मांडलं होतं. ओहायोमधल्या एका डेंटल कॉलेजने 1910 मध्ये असा अभ्यासक्रम सुरूही केला. पण तिथल्या डेंटिस्टांनी विरोध केला आणि तो काही वर्षांतच बंद पडला. विरोधाचं कारण समजायला अवघड नाही. आज दात साफ करणाऱ्या उद्या दात भरायला लागल्या तर आमच्या धंद्याचं काय, ही भीती. तशी ती भीती प्रत्येक पेशात असते.

कनेक्टिकटमध्ये मात्र 1907 च्या कायद्यात एक फट ठेवली गेली होती. परवाना नसलेल्या मदतनिसाने दातांचे उपचार करायचे नाहीत, पण साधी साफसफाई चालेल. फोन्स यांचं पुढचं सगळं काम याच फटीतून वाट काढत झालं.

ब्रिजपोर्ट हे तेव्हा कारखान्यांचं शहर होतं. काडतुसं, शिलाई मशीन, असं बरंच काही तिथे बनायचं. युरोपातून आलेली कामगार कुटुंबं दाटीवाटीने राहायची. 1910 मध्ये एक लाखाच्या आसपास असलेली लोकसंख्या पुढच्या दहा वर्षांत एक लाख 43 हजारांवर गेली. या घरातली पोरं डेंटिस्टकडे कधी जाणार? आई-बाप दोघं कामावर, हातात पैसा नाही, आणि दुखत नसताना डॉक्टरकडे न्यायचं हे डोक्यातही नाही.

मग फोन्स यांनी हिशोब उलटा मांडला. पोरं दवाखान्यात येणार नाहीत, पण शाळेत रोज येतात. मग दवाखान्याने शाळेत जायचं.

हे त्यांनी शहराच्या शाळा खात्याला पटवून द्यायला घेतलं, आणि त्यातच काही वर्षं गेली. नगरपालिकेकडून पैसे काढणं तेव्हाही सोपं नव्हतं. आणि समजा पैसे मिळाले तरी हजारो मुलांचे दात साफ करणार कोण? एकट्या आयरीनच्याने ते होणार नव्हतं. म्हणून गॅरेजमधली ती शाळा.

नावाचाही किस्सा आहे. तोवर लोक अशा बाईला डेंटल नर्स म्हणत होते. फोन्स यांना ते नको होतं. नर्स म्हटलं की आजार डोळ्यासमोर येतो, आणि त्यांना तर आजार व्हायच्या आधीचं काम करायचं होतं. म्हणून त्यांनी डेंटल हायजिनिस्ट हा शब्द घडवला. हायजीन म्हणजे स्वच्छता, आरोग्य. त्या शब्दात आजाराला जागाच नाही.

वर्गाची तयारी मात्र जोरदार होती. येल, कोलंबिया, पेनसिल्व्हेनिया अशा नामांकित विद्यापीठांचे प्राध्यापक शिकवायला आले. शरीररचना, जंतुशास्त्र, आहार असे विषय होते. हात बसावा म्हणून टेबलाला पक्की केलेली कृत्रिम जबड्यांची डोकी होती. त्यावर सराव झाला की मग खऱ्या माणसांचे दात. 1914 मध्ये 27 जणी शिकून बाहेर पडल्या, आणि त्यांच्यातल्या जवळपास 10 जणींना शहराने शाळांच्या कामावर घेतलं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सुरुवात पहिली-दुसरीच्याच मुलांपासून का?

कारण साधारण सहाव्या वर्षी तोंडात एक गुपचूप घटना घडते. दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. वर दोन, खाली दोन, अशा एकूण चार. या दाढा येताना कुठलाही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे घरातल्यांना वाटतं हीसुद्धा दुधाचीच आहे, पडेल आपोआप. पण ती पडत नाही. ती आयुष्यभराची असते. वरून या दाढेच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यात अन्न अडकतं, आणि सहा वर्षांच्या मुलाचा ब्रश इतक्या मागे पोहोचतही नाही. म्हणून मुलांच्या कायमच्या दातांपैकी सगळ्यात आधी बळी जाते ती हीच दाढ. फोन्स यांना ती आल्या आल्या गाठायची होती.

दुधाच्या दातांकडे दुर्लक्ष करायचं असाही याचा अर्थ नाही. दुधाचे दात 20 असतात आणि मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या वेळेआधी काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. पडणारच आहे मग कशाला खर्च, हे वाक्य अनेक घरात ऐकू येतं. त्याची किंमत पुढे वेड्यावाकड्या दातांत मोजावी लागते.

तर ब्रिजपोर्टच्या शाळांमध्ये काम सुरू झालं. हायजिनिस्ट मुलांचे दात तपासायच्या, कुठे काय बिघडलंय ते कार्डावर लिहायच्या आणि दात साफ करायच्या. वर्गात ब्रशची कवायत चालायची. सगळी मुलं रांगेत उभी, हातात ब्रश, आणि बाईंच्या हुकमावर वर-खाली-मागे-पुढे. मोठ्या मुलांसाठी पडद्यावर चित्रं दाखवून व्याख्यानं. आई-बापांसाठी घरी पत्रकं. म्हणजे फोन्स यांनी फक्त साफसफाई नेली नाही, त्याच्यासोबत सवयही नेली.

हा प्रयोग पाच वर्षांचा होता आणि त्याची मोजणी करायची हे त्यांनी आधीच ठरवलेलं. सुरुवातीला पाचवीत असलेल्या, म्हणजे ही सोय न मिळालेल्या मुलांच्या दातांची नोंद घेऊन ठेवली. नंतर पहिलीपासून ही सोय मिळालेली मुलं पाचवीत पोहोचली तेव्हा त्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या. कायमच्या दातांमधली कीड साधारण एक तृतीयांश कमी झालेली दिसली.

हा आकडा अमेरिकेत गाजला. न्यूयॉर्क, बॉस्टन अशा ठिकाणी 1916 पासूनच हायजिनिस्टांचं शिक्षण सुरू झालं होतं, आणि एकेका राज्यात कायदे बदलले. फोन्स यांनी त्याच 1916 साली माउथ हायजीन हे पाठ्यपुस्तक काढलं. आयरीन न्यूमन यांना 1917 मध्ये कनेक्टिकटने परवाना दिला. डेंटल हायजिनिस्ट म्हणून जगातला तो पहिला परवाना मानला जातो. फोन्स यांनी गॅरेजमधली शाळा तीन तुकड्यांनंतर थांबवली, कारण आता हे काम विद्यापीठं करू लागली होती.

पण इथे थोडं थांबायला हवं. त्या एक तृतीयांश आकड्याकडे आजच्या नजरेने पाहिलं तर काही शंका येतात. तुलना झाली ती वेगवेगळ्या वर्षांच्या मुलांमध्ये. मधल्या पाच वर्षांत पहिलं महायुद्ध झालं, शहर बदललं, लोकांचं खाणंपिणं बदललं. कीड कमी झाली ती साफसफाईने, ब्रशच्या कवायतीने की आणखी कशाने, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. नंतरच्या काळात हेही समजलं की नुसती अधूनमधून केलेली साफसफाई कीड रोखायला पुरत नाही.

शिवाय त्या काळातल्या अनेक डॉक्टरांप्रमाणे फोन्स यांनाही वाटायचं की अस्वच्छ तोंड हे शरीरातल्या कितीतरी आजारांचं मूळ आहे. हिरड्यांचा आणि काही आजारांचा संबंध आजही अभ्यासला जातो, पण त्या काळी ही कल्पना इतकी ताणली गेली की सांधेदुखीपासून वेडापर्यंत सगळ्याचं खापर दातांवर फोडून लोकांचे चांगले दात उपटले गेले. फोन्स निदान दात वाचवायच्या बाजूला होते, हे त्यातल्या त्यात बरं.

त्यांच्या हातात नसलेलं एक हत्यारही होतं. फ्लोराइड. त्यांच्याच काळात, कोलोरॅडोमध्ये डॉ. फ्रेडरिक मॅके तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग का पडतात याचा शोध घेत होते. डाग पडलेल्या त्या दातांना कीड कमी लागते हे त्यांना दिसलं होतं, आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला कारण सापडलं. पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड. डाग पडणार नाहीत पण कीड रोखली जाईल असं प्रमाण नंतर शोधलं गेलं आणि जानेवारी 1945 मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते पहिल्यांदा मुद्दाम मिसळलं गेलं. फोन्स त्याआधीच, 1938 मध्ये गेले होते.

फ्लोराइडचं प्रमाण किती महत्त्वाचं आहे हे महाराष्ट्रात यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांना विचारावं. तिथे बोअरच्या पाण्यात मुळातच ते जास्त आहे, आणि मुलांच्या दातांवर कोलोरॅडोसारखेच डाग दिसतात. टूथपेस्टमधलं फ्लोराइड ही वेगळी गोष्ट. ती गिळायची नसते. लहान मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने शेजारी उभं राहायचं, आणि दिवसातून दोनदा घासताना रात्रीची वेळ चुकवायची नाही. कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि आम्ल धुऊन काढायला कुणी नसतं. त्या सहाव्या वर्षीच्या दाढेच्या खाचा आता सीलंट नावाच्या पातळ लेपाने बुजवताही येतात. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही.

मग फोन्स यांचं नेमकं काय टिकलं? त्यांची लाकडी टोकं आणि प्युमिसची पूड गेली. टिकली ती शाळेची जागा आणि डेंटिस्ट नसलेली प्रशिक्षित व्यक्ती. न्यूझीलंडने 1921 मध्ये थॉमस हंटर यांच्या पुढाकाराने आणखी पुढची मजल मारली. तिथे शाळेत नेमलेल्या डेंटल नर्स मुलांचे दात भरायच्यासुद्धा. तिथल्या पोरांनी मात्र त्या शाळेतल्या दवाखान्याचं नाव मर्डर हाउस पाडलं होतं. ड्रिलच्या आवाजाची भीती काय असते ते यावरून कळावं. अमेरिकेत आज दोन लाखांहून जास्त हायजिनिस्ट आहेत. ब्रिजपोर्ट विद्यापीठात 1949 मध्ये या शिक्षणाची शाळा सुरू झाली, तिला फोन्स यांचंच नाव दिलं गेलं.

आणि भारतात? आपल्याकडे 1948 च्या डेंटिस्ट कायद्यात डेंटल हायजिनिस्टची व्याख्या स्पष्ट दिलेली आहे. दात साफ करणारी, पॉलिश करणारी किंवा दातांच्या स्वच्छतेचं शिक्षण देणारी व्यक्ती. म्हणजे फोन्स यांचा शब्द आपल्या कायद्यात आहे. पण खेड्यातल्या किती पालकांनी अशी व्यक्ती पाहिली आहे?

शाळेत जाऊन तपासणी करायची कल्पना मात्र आपल्याकडे आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातूनच, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधून झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा गाडी येते. पथकात आयुष डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता असतात. त्यांनी ज्या तक्रारी शोधायच्या त्यात दातांच्या तक्रारीही आहेत. पथकात हायजिनिस्टचं पद नाही. किडलेली दाढ दिसली तर कार्डावर नोंद होते आणि मुलाला पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवतात. त्या दिवशी बापाचा रोज बुडणार असतो, एसटीचं भाडं लागणार असतं आणि दाढ अजून दुखत नसते.